हजेरी लावायला नको, खेळायला या

प्रति,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पदाधिकारी आणि राष्ट्रीय निवड समिती,
तसेच भारताकडून खेळणारे मुंबईचे सर्व खेळाडू

सप्रेम नमस्कार.

२४ डिसेंबर २०२५ ला जयपूरच्या सवाई मानसिंग स्टेडियमवर विजय हजारे करंडकात मुंबई विरुद्ध सिक्कीम सामना होता. रोहित शर्माने त्यात १५५ धावा ठोकल्या. त्या धावा मी ऑफिसात बसून मोबाइलवर नुसता आकडा बदलताना पाहिल्या, कारण सामना कुठेच थेट दाखवत नव्हते. शतक झालं तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, ‘कसं मारलं रे, पुलवर की पुढे येऊन?’ मला सांगता येईना. त्याच दिवशी बंगळुरूत विराट कोहलीने दिल्लीसाठी १३१ केल्या. त्या मैदानात तर प्रेक्षकांना आतच सोडलं नव्हतं. दोघे दोन-दोन सामने खेळले, किमान दोन सामने खेळायची मंडळाची अट पुरी झाली आणि विषय संपला.

त्या दिवसापासून हे पत्र माझ्या डोक्यात घोळतंय. देशातले दोन सर्वांत मोठे फलंदाज आपल्या राज्याच्या संघाकडून खेळायला येतात, शतकं करतात आणि ती बघायला कुणी नसतं. खेळाडूंना सक्तीने आणायचं ठरवलं तुम्ही, पण ते आल्यावर काय करायचं हे कुणी ठरवलंच नाही. खेळाडूंनीही अट तेवढी पाळली. रणजीचंही नेमकं हेच होत चाललंय आणि ते मला गप्प बसून बघवत नाही.

मी कोण, हे आधी सांगतो. दादरचा, वय ४८. माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. मे १९९१ मध्ये, शाळेला सुट्टी लागलेली असताना, त्यांनी सहकाऱ्याशी ड्युटी बदलून घेतली आणि मला वानखेडेवर नेलं. रणजीचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध हरियाणा, शेवटचा दिवस. जिंकायला ३५५ हव्या होत्या. एका बाजूला कपिलदेव आणि चेतन शर्मा, दुसऱ्या बाजूला वेंगसरकर, मांजरेकर, कांबळी आणि नुकताच १८ वर्षांचा झालेला सचिन. सचिन ९६ वर बाद झाला तेव्हा बाबांनी मांडीवर हात मारला, तो आवाज अजून कानात आहे. शेवटची जोडी होती वेंगसरकर आणि अ‍ॅबी कुरुविला. त्यांनी ४७ धावा जोडल्या. तीन हव्या असताना कुरुविला धावबाद झाला. आम्ही दोन धावांनी हरलो. १३९ वर नाबाद राहिलेले वेंगसरकर मैदानावरच रडले. विश्वविजेत्या संघात असलेला, शंभरावर कसोटी खेळलेला माणूस आपल्या शहराचा एक सामना हरला म्हणून सगळ्यांसमोर रडत होता आणि १३ वर्षांचा मी कठड्याला धरून ते बघत होतो. घरी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. दोनशे पानी वहीत ते प्रत्येक सामन्याचा धावफलक स्वतःच्या हाताने उतरवून ठेवायचे. त्या सामन्याचं पान त्यांनी आठवड्याने लिहिलं.

तेव्हा सक्तीचं पत्रक नव्हतं.

पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये सचिनचा शेवटचा रणजी सामना झाला, हरियाणात रोहतकजवळच्या लाहलीला. पुढच्याच महिन्यात वानखेडेवर त्याचा निरोपाचा कसोटी सामना ठरलेला होता आणि अख्खा देश त्याची तयारी करत होता. असा माणूस लाहलीच्या हिरव्या खेळपट्टीवर कशाला जाईल? तो गेला. पहिल्या डावात पाचवर त्रिफळाचीत झाला. दुसऱ्या डावात २४० चं लक्ष्य असताना ७९ वर नाबाद राहिला आणि सामना जिंकून देऊन परतला. दुसऱ्या टोकाला धवल कुलकर्णी उभा होता. तोच धवल साडेदहा वर्षांनी, १४ मार्च २०२४ ला, वानखेडेवर आपला शेवटचा सामना खेळत होता. विदर्भाचा शेवटचा गडी उरला तेव्हा कर्णधार अजिंक्य रहाणेने मुद्दाम चेंडू त्याच्याकडे दिला आणि त्याने उमेश यादवचा त्रिफळा उडवून मुंबईला ४२ वा करंडक मिळवून दिला. ड्रेसिंग रूममध्ये मोठा माणूस असला म्हणजे काय होतं, हे मला वेगळं समजावून सांगायची गरज वाटत नाही. लाहलीत सचिनसोबत शेवटपर्यंत टिकलेला मुलगा त्यानंतर दशकभर मुंबईची गोलंदाजी ओढत राहिला.

आता जानेवारी २०२५ बद्दल. ऑस्ट्रेलियात आपण १-३ ने हरून आलो. त्याआधी न्यूझीलंडने घरच्या मैदानांवर ०-३ अशी धूळ चारली होती. २०१२ नंतर घरी गमावलेली ती पहिली मालिका. मग मंडळाने दहा कलमांचं पत्रक काढलं आणि देशांतर्गत क्रिकेट खेळणं सक्तीचं केलं. २३ तारखेला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर मुंबई विरुद्ध जम्मू-काश्मीर सामना सुरू झाला. मुंबईच्या संघात रोहित, यशस्वी जयस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, शार्दुल ठाकूर. मी सुट्टी टाकली आणि १६ वर्षांच्या भाच्याला घेऊन गेलो. भाचा नालासोपाऱ्याला राहतो, ऑफस्पिन टाकतो, आठवड्यातून चार दिवस किटबॅग खांद्यावर घेऊन विरार लोकलला लटकून सरावाला येतो.

पुलवामाचा उंचपुरा उमर नझीर मीर पहिल्या सत्रात गोलंदाजी करत होता. एकाच टप्प्यावरून चेंडू उसळत होता. रोहितला १९ चेंडूंत तीन धावा करता आल्या आणि मग बॅटची कड लागून झेल उडाला. उमरने उडी मारली नाही, मुठी आवळल्या नाहीत. आपण रोहितचे चाहते आहोत म्हणून आनंद साजरा केला नाही, असं नंतर त्यानेच सांगितलं. यशस्वी चार, श्रेयस ११, रहाणे १२, दुबे शून्य. मुंबई १२० वर गारद, त्यात ५१ एकट्या शार्दुलच्या.

दुसऱ्या डावात रोहितने दोन-तीन फटके असे मारले की माणसं उभी राहिली. २८ वर तो बाद झाला आणि गर्दी उठली. पाणी पिऊन मागे वळून पाहिलं तर आमच्या आजूबाजूची जागा रिकामी. त्यानंतर मुंबईची अवस्था ७ बाद १०१ झाली आणि तिथून शार्दुल ठाकूर आणि तनुष कोटियनने जी भागीदारी रचली, ती गेल्या दहा वर्षांत मी प्रत्यक्ष पाहिलेली सगळ्यांत चिवट फलंदाजी होती. शार्दुल ११९, तनुष ६२. ती बघायला आम्ही मोजकेच उरलो होतो. जम्मू-काश्मीरने २०५ धावांचं लक्ष्य पाच गडी राखून गाठलं. त्यांच्या पोरांनी एकमेकांना मारलेल्या मिठ्या बघून वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. त्यांनी सामना कमावला होता.

परतताना वांद्र्याच्या पुलावर भाच्याने विचारलं, ‘मामा, आयुष म्हात्रेला का नाही खेळवला?’

हा प्रश्न तुम्हा सगळ्यांसमोर ठेवतो. आयुष तेव्हा १७ वर्षांचा होता. विरारचा मुलगा, भाच्याच्याच लाइनचा. त्याच मोसमात महाराष्ट्राविरुद्ध त्याने १७६ केल्या होत्या. भारतीय संघाचे दोन सलामीवीर आले म्हणून त्याला बाहेर बसावं लागलं. पुढच्या, मेघालयविरुद्धच्या सामन्यात रोहित, यशस्वी, श्रेयस नव्हते, एकदिवसीय मालिका जवळ आली होती. आयुष परत आत आला. म्हणजे एका सामन्यासाठी घडी विस्कटली आणि पुन्हा लावावी लागली. मोठे खेळाडू आले तर संघ बळकट होतो हे मला मान्य आहे. पण एकाच सामन्यासाठी आले तर लहानाची जागा जाते आणि त्याबदल्यात त्याला काही मिळत नाही. ना सराव, ना सोबत. भाच्याला मी उत्तर दिलं नाही. विषय बदलला. त्याची लाज वाटते.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली मंडळाकडे. रणजीचं तुम्ही दोन तुकड्यांत विभाजन केलंत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच फेऱ्या, मग सय्यद मुश्ताक अली आणि विजय हजारे, आणि जानेवारीच्या शेवटी उरलेल्या दोन फेऱ्या आणि बाद फेरी. दोन महिने वीस आणि पन्नास षटकांचं क्रिकेट खेळून आलेल्या फलंदाजाने तिसऱ्या दिवशी चार तास बचाव करायचा. उत्तरेतलं धुकं टाळायचं म्हणून हे केलं, हे मी वाचलंय आणि अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय दक्षिणेत आणि पश्चिमेत सामने ठेवणं हाही होता. चार दिवसांच्या खेळाची लय मोडली की ती नेट्समध्ये भरून येत नाही, हे तुमच्यातल्या जुन्या खेळाडूंना माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

विश्रांतीचंही तेच. मार्च २०२४ मध्ये उपांत्य सामन्यात शतक ठोकल्यावर शार्दुलने जाहीरपणे सांगितलं की दोन सामन्यांमध्ये तीन दिवसांचं अंतर ठेवलं तर पोरं जायबंदी होतील. बोलणारा वेगवान गोलंदाज होता, बाहेरून बोलणारा कुणी नव्हता. चार दिवस खेळा, मग विमान, मग सराव, मग पुन्हा चार दिवस. मुंबईच्या गोलंदाजाला दुखापत झाली की तो आयपीएलच्या लिलावातून उठतो, म्हणून तो दुखणं लपवतो. मैदानावर ज्यांची ऊठबस आहे त्यांना हे सगळं माहीत आहे.

तिसरी तक्रार पैशांची, आणि ती कुणाच्या कमाईवर नाही. आयपीएलमधून खेळाडूंनी मिळवलेला प्रत्येक रुपया त्यांच्या हक्काचा आहे. खेळाडूच्या उमेदीची वर्षं दहा-बाराच असतात, गुडघा गेला की सगळं गेलं. पदरात पडेल ते त्यांनी घ्यावंच. पण हा हिशेब बघा. रणजीत वीसपर्यंत सामने खेळलेल्या मुलाला दिवसाला ४०,००० रुपये मिळतात. चार दिवसांचे १ लाख ६० हजार. साखळीतले सातही सामने खेळला तर ११ लाख २० हजार. राखीव असेल तर निम्मे. आयपीएलच्या लिलावात भारताकडून न खेळलेल्या खेळाडूची किमान बोली ३० लाख आहे आणि ती एकही चेंडू न टाकता, बाकावर बसून मिळते. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. मुंबई क्रिकेट संघटनेने २०२४-२५ च्या मोसमापासून आपल्या रणजी खेळाडूंना मंडळाएवढीच रक्कम स्वतःकडून द्यायचं जाहीर केलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण हे एकट्या श्रीमंत संघटनेला जमतं. मेघालयाच्या पोराने काय करायचं? या स्थितीत १९ वर्षांच्या मुलाने दिवसभर खेळपट्टीवर उभं राहायचं सोडून सहाव्या चेंडूला षटकार मारायचा सराव केला, तर दोष त्याचा नाही.

आणि प्रक्षेपण. फेरीतले मोजके सामने दाखवले जातात, बाकीच्यांचा फक्त धावफलक. जम्मू-काश्मीरचा एखादा मुलगा आयुष्यातली सर्वोत्तम गोलंदाजी कुठल्या तरी कोपऱ्यातल्या मैदानावर टाकतो आणि त्याचं एक दृश्य उरत नाही. एका स्थिर कॅमेऱ्यावर सामना दाखवला तरी आम्ही बघू. गल्लीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धा आज चार कॅमेऱ्यांनी यूट्यूबवर दिसतात.

प्रेक्षकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दलही थोडं लिहायलाच हवं. एका मैदानावर, नाव घेत नाही, रणजीच्या सामन्याला मी आणि बाबा पोहोचलो तर गेटवरच्या माणसाने विचारलं, ‘कुणाच्या ओळखीचे?’ प्रवेश फुकट होता. पास कुठून आणायचा हे त्यालाही माहीत नव्हतं. बाबांना अर्धा तास उन्हात उभं राहावं लागलं. आत गेल्यावर सावलीत बसायला जागा नाही, पिण्याच्या पाण्याचा नळ नाही, धावफलक बंद. कोहली रणजी खेळायला आला तेव्हा दिल्लीत फाटकं उघडली गेली आणि हजारो पोरं पहाटेपासून रांगेत उभी राहिली. १२ वर्षांनी रणजी खेळणारा कोहली सहा धावांवर बाद झाला, पण रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याची दांडी उडवलेली त्या पोरांनी डोळ्यांनी पाहिली. आपल्याकडे रणजीला माणूस येत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवसाचे फोटो काढून बघावेत.

आता खेळाडूंशी. तुम्ही सगळे मला वयाने लहान आहात, पण मी तुम्हाला अहोजाहो करूनच लिहितोय, कारण तुमच्या खेळाने मला जे दिलंय त्याची परतफेड होणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: देशासाठी खेळत असाल तेव्हा मुंबईने तुमच्यावर हक्क सांगू नये. जखमी असाल तर घरी बसा, बरे व्हा. पण ज्या दिवशी तुम्ही तंदुरुस्त आहात, भारताचा सामना नाही आणि मुंबई खेळतेय, त्या दिवशी तुम्ही कुठे आहात? आयपीएलमध्ये दोन महिन्यांत चौदा साखळी सामने, दर तिसऱ्या दिवशी नवं शहर, हे तुमचं शरीर झेलतं. मग ‘वर्कलोड’ हा शब्द रणजीच्याच वेळी का निघतो? तुमच्यापैकी अनेकजण मनापासून खेळतात हे मी पाहिलंय. अजिंक्य रहाणे भारतीय संघाबाहेर गेल्यावरही गार पडले नाहीत. २०२४ मध्ये मंडळाच्या वार्षिक करारातून नाव गेल्यावर श्रेयस अय्यर परत आले आणि अंतिम सामन्यात ९५ धावा केल्या, पुढच्या वर्षी करारही परत मिळवला. सूर्यकुमार आणि दुबे फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरला विदर्भाविरुद्धचा उपांत्य सामना खेळले. तिथे पार्थ रेखडे नावाच्या कोवळ्या डावखुऱ्या फिरकीपटूने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे यांना बाद केलं. मुंबई हरली. मी चिडलो, जेवलो नाही. पण रेखडेसाठी ते षटक काय असेल याचा विचार करा. भारताच्या तेव्हाच्या टी-ट्वेंटी कर्णधाराला, सूर्यकुमारला बाद केलं, हे तो जन्मभर सांगेल. तुम्ही आलात म्हणून त्याला ते मिळालं.

आणि तुम्हाला काय मिळतं? नोव्हेंबर २०२४ मध्ये वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध १४७ चं लक्ष्य असताना आपण १२१ वर आटोपलो. त्यांच्या, पण मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलने त्या सामन्यात ११ बळी घेतले. वर्षभराने ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ हव्या होत्या, आपण ९३ वर कोसळलो. गुवाहाटीत ४०८ धावांनी हरलो. त्यांचा फिरकीपटू सायमन हार्मर आपल्याच मैदानांवर आपल्या फलंदाजांना नाचवून गेला. एकेकाळी परदेशी संघ आपल्या फिरकीला घाबरून यायचे. आपले फलंदाज फिरकी खेळायला शिकायचे ते कुठे? पद्माकर शिवलकरांसारख्यांसमोर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही भारताची टोपी न मिळालेला माणूस रणजीत आणि क्लबच्या मैदानांवर आपल्याला गोलंदाजी करायचा. मार्च २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या तोडीचे फिरकीपटू आजही रणजीत आहेत. विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५ मध्ये एका मोसमात ६९ बळी घेऊन विक्रम केला. नेट्समध्ये पाचशे चेंडू खेळून तो अनुभव येत नाही, कारण नेट्समध्ये बाद झालं तरी पुढचा चेंडू मिळतो.

संघ बदलण्याबद्दल फार लिहीत नाही. यशस्वी जयस्वाल यांनी एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडे जाण्यासाठी ना हरकत मागितली आणि महिन्याभरात ती मागे घेतली. जायचा त्यांना पूर्ण हक्क होता. करुण नायर कर्नाटकातून विदर्भात गेले, ८६३ धावा करून संघाला विजेतेपद मिळवून दिलं आणि पुन्हा भारतीय संघात आले. कुठेही खेळा. ज्या संघाची टोपी घालाल त्याचे तीन-चार सामने तरी अंगातून घाम काढून खेळा.

मुंबईच्या ड्रेसिंग रूमने अमोल मुझुमदार नावाचा माणूस घडवला. पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा केल्या, भारताकडून एकही सामना नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक उचलला तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच होते. त्या रात्री बाबांनी वही काढायला लावली आणि १९९४ चं पान उघडून २६० वर बोट ठेवलं. ‘हे बघ,’ म्हणाले. दुसरं काही बोलले नाहीत.

मागण्या साध्या आहेत.

रणजीची साखळी सलग खेळवा आणि दोन सामन्यांमध्ये किमान पाच पूर्ण दिवस मोकळे ठेवा. वेळापत्रक जुळत नसेल तर आधी पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धांचे दिवस कमी करा.

‘दोन सामने खेळा’ ही अट काढून टाका. वार्षिक करार असलेला कसोटीपटू तंदुरुस्त आणि मोकळा असेल, तर त्याने आपल्या राज्यासाठी सलग तीन रणजी सामने खेळावेत. तो न खेळल्यास कारण निवड समितीने लेखी जाहीर करावं. निवड समितीचे अध्यक्ष झालेल्या अजित आगरकर यांना हे सांगताना मला संकोच वाटत नाही. त्यांच्याच नेतृत्वाखाली मुंबईने जानेवारी २०१३ मध्ये ४० वा करंडक जिंकला होता, रणजीचं मोल त्यांना माझ्याकडून ऐकायला नको.

राखीव खेळाडूंना पूर्ण मानधन द्या. आणि भारतीय संघातला खेळाडू आला म्हणून जो बाहेर बसतो, त्याला त्या सामन्यात संघासोबतच ठेवा, घरी पाठवू नका. रोहित किंवा यशस्वी डावाची तयारी कशी करतात हे त्याने शेजारी बसून पाहिलं पाहिजे.

प्रत्येक रणजी सामना थेट दाखवा. प्रत्येक. समालोचन नसलं तरी चालेल.

मैदानाचं फाटक उघडं ठेवा, प्रवेशाची माहिती आदल्या दिवशी जाहीर करा, सावली आणि पाणी द्या. आसपासच्या शाळांना दरवाजे उघडा. मोठ्या खेळाडूंचा सामना असेल तेव्हा तो वानखेडेवर ठेवा.

खेळाडूंकडे मागणी एकच. सामना संपला की गाडीकडे वळण्याआधी दहा मिनिटं समोरच्या संघातल्या पोरांशी बोला. लाहलीला सचिनने ज्यांच्याशी दोन शब्द बोलले असतील, त्यांना ते आजही पाठ असतील.

पुढच्या मोसमाचं वेळापत्रक लागलं की मी सुट्ट्या टाकणार आहे. भाचाही येणार आहे. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, लोकलचा जिना चढवत नाही. मैदानात न्यायचं झालं तर आम्हा दोघांना त्यांना धरून न्यावं लागेल, आणि ते त्यांना आवडत नाही. वहीत अजून ३० पानं शिल्लक आहेत. परवा त्यांनी विचारलं, मुंबईची पहिली मॅच कुठल्या चॅनलवर आहे? त्यांना काय सांगू, ते कळवा.

आपला नम्र,
मुंबईचा एक रणजी प्रेक्षक